नावेला लागलेली हळद

पूर्वी गोदावरीच्या काठी, अश्मक देशातल्या पोतली नगरात सुषेण राजा राज्य करत होता. त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका सुताराच्या घरी जन्मले होते आणि नावा बांधत होते. त्या जन्मातले त्यांचे नाव सोमिल. बोधिसत्त्व म्हटले की कोणी शांत, समजूतदार, मान डोलावून ऐकून घेणारा पुरुष ज्यांच्या डोळ्यांसमोर येतो, त्यांनी इथेच सावध व्हावे. बोधीला पोचायला फार जन्म लागतात, आणि त्यांतल्या काही जन्मांत माणूस नुसता वाट चुकत असतो. या जन्मी बोधिसत्त्वांच्या हातात कसब मोठे होते, आणि नाकावर माशी बसलेली त्यांना खपत नसे.

पोतलीत नवी नाव पाण्यात लोटण्याआधी एक चाल पाळत. नाव वाळूत ओंडक्यांवर ठेवायची आणि तिच्या आत काठोकाठ पाणी भरायचे. नदी बाहेरून आत शिरण्याआधी पाणी आतून बाहेर येते का, हे ते लोक पाहून घेत. मग साऱ्या गावाने नावेभोवती फिरायचे, आणि जिथे थेंब दिसेल तिथे हळदीचे बोट लावायचे. बोट कोणीही लावावे, नावाड्याने लावावे, बाजारातल्या बाईने लावावे, वाटसरूनेही लावावे. सुतार मग एकेका बोटापाशी सांधा उकलायचा, काथ्या पुन्हा ठोकायचा आणि राळ पुन्हा भरायचा. या दिवसाला पाणभरण म्हणत. ज्याच्या नावेला बोटे जास्त, त्याला लोक चिडवत, "काय, लेक उजवताय वाटतं," आणि तोही हसून कामाला लागे.

बोधिसत्त्वांना हसू येत नसे. त्यांनी स्वतः बांधलेल्या पहिल्या नावेला एकतीस बोटे लागली, आणि ते एकतीस जणांशी भांडले. एकाला ते म्हणाले, हा थेंब नव्हे, उन्हाने लाकडाला घाम आलाय. दुसऱ्याला म्हणाले, तुझाच हात ओला होता. तिसरा बिचारा परगावचा होता, त्याला त्यांनी त्याचे कुळ विचारले. दुसऱ्या वर्षी त्यांनी पाणभरणाला तिळाचे लाडू ठेवले. तोंडात लाडू असला की माणसाला थेंब कमी दिसतात, हा शोध त्यांना तेव्हा लागला, आणि बोटे अकरावर आली. तिसऱ्या वर्षी त्यांनी हळदीची वाटी उंच फळीवर ठेवली. चौथ्या वर्षापासून ती वाटी ते स्वतःच हातात धरून उभे राहू लागले. ज्याला बोट लावायचे असेल त्याने त्यांच्यासमोर यावे, त्यांच्या डोळ्यांत बघावे आणि हळद मागावी. कोणी मागेना. लाडू संपले की बोधिसत्त्व लगेच नावेतले पाणी काढून टाकत. पुढे वीस वर्षे सोमिल सुताराच्या नावेला एकही बोट लागले नाही, आणि आपली नाव आता गळत नाही अशी त्यांची अगदी मनापासून समजूत झाली.

नावा गळत होत्या. फार नाही, पण गळत होत्या. नावाड्यांनी मूग गिळले आणि आपल्यापुरता उपाय काढला. नावेत चढणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ते सुक्या भोपळ्याचे एक वाडगे देत. नाव नदीच्या मध्यावर आली की सगळे वाकून पाणी उपसत आणि सुखदुःखाच्या गप्पा मारत. परदेशच्या व्यापाऱ्यांना हा इथला पाहुणचार वाटे. बोधिसत्त्वांना नावेत बसले की गरगरायचे, त्यामुळे ते कधी पलीकडे गेले नव्हते, पण वाडगी काठावरून दिसत. एकदा त्यांनी शंखक नावाच्या नावाड्याला विचारले, "ही वाडगी कशाला रे?"

शंखक थोडा वेळ आभाळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गोदेचं पाणी पवित्र ना, दादा. लोक वाटभर पितात."

बोधिसत्त्वांना गहिवरून आले. आपल्या नावेत बसल्यावर लोकांना भक्ती सुचते, असे त्यांनी घरी जाऊन बायकोला सांगितले. त्यांची बायको माधवी हिने वळून त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि ती पुन्हा भाकरी थापायला लागली.

बोधिसत्त्वांना एकच मुलगी होती, विपुला. तिचे लग्न नदीपलीकडच्या विण्हुदत्त नावाच्या श्रीमंत गृहस्थाच्या मुलाशी ठरले. लग्न पोतलीत व्हायचे आणि मग साठ माणसांचे वऱ्हाड नवरीला घेऊन पलीकडे जायचे. या साठ जणांसाठी बोधिसत्त्वांनी एक नवी नाव बांधायला घेतली. इतकी मोठी नाव पोतलीत कोणी पाहिली नव्हती. पाच महिने त्यांनी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. नदीच्या मधोमध जो डोह आहे त्याचा तळ कोणाला लागलेला नाही, आणि वैशाखात त्याच्यावर उलटसुलट वारे सुटतात. तिथून आपली मुलगी जाणार, म्हणून त्यांनी एकेक फळी गालाशी धरून निवडली. जन्मभर ते जे काही शिकले होते ते सगळे त्यांनी त्या नावेत घातले. त्यामुळे त्या नावेला कोणी काही बोलले असते तर ते थेट काळजालाच लागले असते.

मुलीची हळद आणि नावेचे पाणभरण एकाच दिवशी धरले होते. तीन दिवसांनी लग्न, आणि लगेच पाठवणी. नाव नेहमीच्या जागी, करंजाच्या मोठ्या झाडाखाली उभी होती. ते झाड बोधिसत्त्वांच्या वडिलांनी लावलेले. नावेत पाणी भरले. लाडू वाटले. व्याही विण्हुदत्त आधीच येऊन राहिले होते, ते नावेभोवती फिरले आणि म्हणाले, "वा. खोट काढायला जागा नाही. आणि शुभकार्यात खोट काढूही नये." बोधिसत्त्व हळदीची वाटी छातीशी धरून उभे होते. सगळे चांगले चालले होते.

तेवढ्यात नंदाई आली. नंदाई म्हणजे घाटावरची म्हातारी परटीण. तिला दात नव्हते, म्हणून लाडू चालत नव्हता, आणि हाच सगळ्या घोटाळ्याचा आरंभ. हातात लाडू नाही म्हटल्यावर ती नाव बघत बसली. बघता बघता उठली, नावेच्या डाव्या अंगाला गेली आणि तिने आपला गाल फळीला लावला.

"सोमिला, इथं ओल आहे," ती म्हणाली.

बोधिसत्त्वांनी जाऊन पाहिले. "थेंब कुठाय?"

"थेंब अजून नाही. उद्या येईल. ओल आहे."

"गालाला कळते वाटतं ओल?"

"चाळीस वर्षं कपडे वाळलेत का नाही ते गालानंच बघते," नंदाई म्हणाली. "दे वाटी इकडं."

सगळे गाव बघत होते, व्याहीही बघत होते. बोधिसत्त्वांनी वाटी आणखी घट्ट धरली आणि जे बोलू नये ते बोलले. "परटिणीला नावेतलं काय कळतं?"

नंदाईला ते लागले, हे तिच्या तोंडावर दिसले. पण ती म्हणाली, "नावेतलं नाही कळत. ओलीतलं कळतं." मग तिने इकडेतिकडे पाहिले. शेजारीच पाटावर विपुला हळद माखून बसली होती. नंदाई तिच्यापाशी गेली, तिच्या गालावरची हळद बोटाने पुसून घेतली, परत आली आणि ते बोट नावेला लावून निघून गेली. वीस वर्षांत सोमिल सुताराच्या नावेला लागलेले ते पहिले बोट.

बोधिसत्त्व रुसले. ते इतके रुसले की नावेतले पाणी काढायचेही विसरले. घरी येऊन ते भिंतीला टेकून बसले. माधवी म्हणाली, "पान वाढू का?"

"नको."

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "काय केलंय?"

"भरीत."

"थोडंसं वाढ."

जेवताना त्यांनी नंदाईला द्यायची सात उत्तरे तयार केली. त्यातले पाचवे फार चांगले जमले होते. ते त्यांनी गोठ्यात जाऊन बैलाला म्हणून दाखवले. मग त्यांना आणखी एक युक्ती सुचली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नंदाईने धुतलेले आपले धोतर बाहेर काढले आणि उन्हात धरून त्याचा धागा न् धागा तपासायला सुरुवात केली.

"वर्षभर नेसताय," माधवी म्हणाली, "आजच दिसलं का ते?"

पण त्यांना हवे ते मिळाले होते. एक नाही, दोन डाग मिळाले. धोतर झेंड्यासारखे खांद्यावर टाकून ते घाटावर गेले. तिथे पाच-सहा बायका कपडे आपटत होत्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोधिसत्त्व म्हणाले, "नंदाई, डाग राहिलेत. दोन."

नंदाईने हात थांबवला. तिचे कान लाल झाले. एक श्वास तिने तसाच धरला, मग सोडला. "कुठं? दाखव."

त्यांनी दाखवले. तिने धोतर जवळ घेतले, डोळे बारीक करून पाहिले, नखाने खरवडले, नाकाशी धरले. "हा पहिला माझा," ती म्हणाली. "चिखलाचा आहे, माझ्याकडूनच राहिला. आणि हा दुसरा राळेचा. हा तुझा. तो जन्मात जायचा नाही, त्याला मी काही करू शकत नाही." एवढे बोलून तिने धोतर भिजवले, पहिल्या डागाला खारी माती लावली, दोन हात मारले, पिळले आणि त्यांच्यासमोर धरले. डाग गेला होता. "अजून कुठं असेल तर सांग. राजवाड्यातले कपडे पण मीच धुते, तिथं असा डाग गेला असता तर पंचाईत झाली असती. सांगितलंस ते बरं झालं."

बोधिसत्त्व उभेच राहिले. त्यांची सातही उत्तरे वाया गेली होती, कारण ती सगळी भांडणासाठी केलेली होती. त्यांनी खालच्या आवाजात विचारले, "तुला राग नाही आला?"

"आला की," नंदाई म्हणाली. "काल पण आला, आज पण आला. चारचौघींत सांगितलंस, येणारच. पण रागानं डाग जात नाही, बाबा. म्हणून आधी धोतर धुऊन घेतलं. राग काय, तो दुपारी निवांत काढीन."

ओले धोतर खांद्यावर घेऊन बोधिसत्त्व परत निघाले. त्यांची पाठ भिजली, पण त्यांचे तिकडे लक्ष नव्हते. तीस माणसांशी आणि वर एकाशी ते कधीकाळी दिवसभर भांडले होते. ही म्हातारी तेवढेच काम दोन श्वासांत उरकून पुन्हा कपडे आपटायला लागली होती. यातला मोठा कारागीर कोण, असा प्रश्न त्यांच्या मनात आला आणि त्यांना फार लाज वाटली.

ते नावेपाशी गेले. कालचे पाणी अजून आत होते. हळदीच्या एकुलत्या एका बोटाखाली एक थेंब लोंबत होता. तो पडला, आणि त्याच्या जागी दुसरा आला. बोधिसत्त्व वाळूत बसले. नदीचा मधला डोह त्यांना तिथून दिसत होता.

संध्याकाळपर्यंत ते तिथेच होते. माधवी त्यांना शोधत आली तेव्हा त्यांनी थेंब दाखवला. मग बोधिसत्त्व म्हणाले, "वरून मेण फासतो. दोन दिवस निभतील. एकदा पाठवणी झाली की निवांत दुरुस्त करीन, कोणाला कळायचंही नाही."

"मेण फासलं की झालं का?" माधवी म्हणाली. "पी हळद अन् हो गोरी, असंच ना. आणि नाही निभलं तर, अहो, त्या डोहात मी कोणाचं नाव घेऊन हाक मारू?"

बोधिसत्त्वांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी मेणाचा गोळा बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गावात सांगावा धाडला, की सोमिल सुताराच्या नावेचे पाणभरण पुन्हा आहे, लाडू नाहीत. लाडू नाहीत म्हटल्यावर सगळे गाव कुतूहलाने आले. हळदीची वाटी जमिनीवर पानावर ठेवली होती. बोधिसत्त्व म्हणाले, "जिथं दिसेल तिथं बोट लावा. आणखी काही सांगायचं असलं तरी सांगा. मी उलट बोलणार नाही."

कोणाचा विश्वास बसला नाही. खरे तर बोधिसत्त्वांचाही स्वतःवर बसला नाही. म्हणून ते नदीवर गेले, पाण्याची मोठी गुळणी भरली आणि दोन्ही गाल फुगवून ओंडक्यावर येऊन बसले.

लोकांनी आधी त्यांचे गाल नीट पाहून घेतले. मग शंखक पुढे झाला. त्याने एक बोट लावले आणि मागे वळून पाहिले. गाल तसेच होते. त्याने दुसरे लावले. मग कुंभाराने लावले, माळिणीने लावले, आणि पुढे कोणी मागे वळून बघेना. वीस वर्षे तुंबलेले लोक होते ते. नावेचे झाल्यावर बाकीचेही निघाले.

"तुमचे लाडू दगड असतात, दादा. नंदाईचा शेवटचा दात त्यातच गेला."

"लेकरू कडेवर घेऊन चढताना धरायला काही नाही नावेला. एखादा दांडा ठोकायला काय होतं?"

"नावेचं तोंड मगरीसारखं का असतं नेहमी?"

"पोपटी रंग दिला असता तर बरं दिसलं असतं."

"मी वाटेत रामराम करतो तर तुम्ही वर बघत जाता."

बोधिसत्त्वांच्या कपाळावरची शीर उडत होती. पाचवे उत्तर जिभेशी येऊन गुळणीत बुडत होते. त्यांना घाटावरची नंदाई आठवली, आणि त्यांनी दोन्ही बाजूंना खडे मांडायला सुरुवात केली. जे आपले, त्याचा खडा डावीकडे. जे आपले नाही, त्याचा उजवीकडे. मगरीचे तोंड वाऱ्याला कापत जाते, ते त्यांच्या आजोबांपासून होते आणि योग्य होते, म्हणून तो खडा उजवीकडे गेला. पोपटी रंगही उजवीकडे गेला. दांडा डावीकडे. लाडू थोडा वेळ हातात राहिला आणि मग डावीकडे गेला. वर बघत जाण्याचा खडा ठेवताना त्यांनी मान खाली घातली.

शेवटी शंखक चाचरत म्हणाला, "दादा, ती वाडगी. ती पाणी प्यायला नव्हती. उपसायला होती. सगळ्याच नावांत. वीस वर्षं."

बोधिसत्त्वांनी गुळणी गिळली. सगळे जण श्वास रोखून थांबले. बोधिसत्त्व उठले, नदीवर गेले, नवी गुळणी भरून आले आणि पुन्हा बसले. त्यांनी एक मोठा खडा उचलला आणि डावीकडे ठेवला.

त्यानंतर ते नावेभोवती फिरले. नावेचे उजवे अंग कोरे होते. डावे अंग, वल्ह्याच्या जागेपासून मागच्या टोकापर्यंत, हळदीने पिवळे झाले होते. पहिल्या नावेच्या वेळी एकेका बोटाशी ते भांडले होते तेव्हा त्यांना हे कधी दिसले नव्हते, कारण त्यांनी एका वेळी एकच माणूस पाहिला होता आणि नाव पाहिलीच नव्हती. आता ऊन कलले होते. करंजाची सावली नावेवर आली होती, आणि ती बरोबर तेवढ्याच भागावर पडली होती.

त्यांनी नंदाईला हाताने खूण केली. तिने झाडाकडे पाहिले, नावेकडे पाहिले. "सावलीत वाळवलं की असंच होतं," ती म्हणाली. "कपडा वरून कोरडा लागतो, शिवणीत ओला राहतो. राळेचंही तसंच असेल. तुझ्या बापाच्या नावा गळत नव्हत्या, सोमिला. तेव्हा हे झाड माझ्या कमरेएवढं होतं."

बोधिसत्त्वांनी गुळणी थुंकली. "नंदाई, परवा मी जे बोललो ते चुकलो. तुला कळत होतं आणि मला कळत नव्हतं." नंदाई म्हणाली, "बरं. आता नाव उन्हात ओढ."

व्याही मात्र खवळले. "हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण, सोमिलराव. चांगली नाव होती. चारचौघांत तिला पिवळी करून घेतलीत. लग्न लावून आम्ही इथं बसून राहायचं का? दुसऱ्या एखाद्या नावेनं जातो आम्ही."

"दुसऱ्याही मीच बांधल्यात," बोधिसत्त्व म्हणाले. "त्या दहा माणसांच्या, त्या उपसून निभतात. ही साठ जणांची आहे. हिच्यात डोहावर पाणी शिरलं तर साठ वाडगी पुरायची नाहीत. आणि नवरानवरीची बैठक याच डाव्या बाजूला मांडली होती, व्याहीबुवा."

विण्हुदत्त नावेच्या उजव्या अंगाकडे गेले. मग त्यांनी हळूच विचारले, "उजवी बाजू ठीक आहे ना?"

लग्न ठरल्या दिवशी लागले, पाठवणी सहा दिवस लांबली. वीस माणसांनी नाव झाडापासून दूर, उघड्या वाळूत ओढून नेली. झाडाला कोणी हात लावला नाही, त्याची काही चूक नव्हती. बोधिसत्त्वांनी डाव्या अंगाचा सगळा काथ्या उपसून काढला, नवा ठोकला, राळ भरली आणि वैशाखाच्या उन्हात तिला मनसोक्त तापू दिली. चढायच्या जागी एक दांडाही बसवला. साठ माणसांचे वऱ्हाड सहा दिवस जेवत होते, आणि ज्यांना शुभकार्यात खोट काढलेली चालत नव्हती ते व्याही आता आमटीत, अंथरुणात आणि माधवीच्या माहेरच्या माणसांत रोज खोट काढत होते. बोधिसत्त्व अशा वेळी शांतपणे उठून रांजणाकडे जात आणि तोंडात पाणी भरून परत येत. त्यात एक खडा खरा निघाला. अंथरुणांत खरेच ढेकूण होते.

पाचव्या दिवशी नावेत पुन्हा पाणी भरले. ते एक पूर्ण दिवस आत राहिले. नंदाईने डाव्या अंगाला तीन ठिकाणी गाल लावला आणि म्हणाली, "कोरडी."

वऱ्हाड नावेत बसले. बोधिसत्त्वही चढले. जन्मात पहिल्यांदा ते आपल्या हातच्या नावेतून नदीवर जात होते, आणि काठ सुटताच त्यांना गरगरायला लागले. एका हाताने त्यांनी दांडा धरला, दुसरा तळहात मुलीच्या पायांजवळच्या फळीवर टेकवून ठेवला. डोहावर वारा आडवा आला, नाव कलली, वऱ्हाडातल्या बायकांनी डोळे मिटले. सवयीने सगळी पोतलीची माणसे वाकली, आणि खाली पाणी नसल्यामुळे तशीच थोडा वेळ अवघडून राहिली. बोधिसत्त्वांनी तळहात उलटा करून पाहिला. तो कोरडा होता. ते रडू लागले, तेव्हा विपुलेला वाटले की बाबा आपल्या सासरी जाण्याने रडताहेत, आणि तीही रडू लागली. बोधिसत्त्वांनी तिला खरे कारण सांगितले नाही. अर्धे कारण तेही होतेच.

त्यानंतर त्यांनी एकेक करून सगळ्या जुन्या नावा उन्हात ओढून त्यांचे सांधे नव्याने भरले. प्रत्येक पाणभरणाला हळदीची वाटी जमिनीवर आणि गुळणी तोंडात असे. काही वर्षांनी घोटभर पाणी पुरू लागले. म्हातारपणी एकदा ते गुळणी भरायचेच विसरले आणि संध्याकाळी त्यांच्या लक्षात आले की आज आपण कोणाशी भांडलो नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवनातल्या विहारात सांगितली. चीवरे शिवण्याचे दिवस होते. मंगलक नावाच्या भिक्खूने एका थेरांसाठी, म्हणजे वयोवृद्ध भिक्खूंसाठी, फार मेहनतीने चीवर शिवले होते, आणि नव्याने संघात आलेला एक भिक्खू ते पाहून सहज म्हणाला होता, "भंते, यातली एक पट्टी उलटी लागली आहे." तेव्हापासून मंगलक तीन दिवस भिंतीकडे तोंड करून बसला होता. शास्त्यांनी मुद्दाम त्याच्या पाठीमागे आसन मांडून कथा सांगितली. तो वळला नाही, पण त्याची पाठ ऐकत होती.

कथा संपल्यावर शास्त्यांनी त्या जन्माची आणि या जन्माची माणसे जुळवून दाखवली. "चाचरत का होईना, वाडग्यांचं खरं सांगणारा शंखक म्हणजे हा नवा भिक्खू. माधवी म्हणजे विहाराला रोज भिक्षा वाढणारी ती मोजकं बोलणारी उपासिका. व्याही इथं नाहीत, ते अजून कुठंतरी एखाद्या वऱ्हाडात जेवत असतील. सोमिल सुतार मी होतो."

सगळ्यांनी मंगलकाच्या पाठीकडे पाहिले. आपल्या वाट्याला काय उरले आहे, ते त्याला कळेना. रुसणारा सुतार आपणच असू, या खात्रीने तो इतका वेळ मान घालून बसला होता.

"नंदाई तू होतास, मंगलका," शास्ता म्हणाले.

मंगलक वळला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याचे तोंड लोकांना दिसले.

"साऱ्या नगरानं जे मला सांगितलं नाही ते तू सांगितलंस. मी चारचौघांत तुझा अपमान केला, तरी सांगितलंस. तू त्या दिवशी भीड धरली असतीस तर माझी मुलगी त्या डोहात राहिली असती. तेव्हा तू मला सांगितलंस, आज मी तुला सांगतो. पट्टी उलटीच लागली आहे, बाळा."

मंगलकाने चीवर मांडीवर ओढले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि तो हसतही होता. त्याने उलट्या पट्टीचा धागा उसवायला घेतला, आणि तो नवा भिक्खू कापडाचे दुसरे टोक धरून त्याच्यासमोर बसला.

त्या जन्मी बोधिसत्त्वांनी जो गुण मिळवला त्याला सुवचता म्हणतात. क्षांती म्हणजे सोसणे, आणि ही तिची धाकटी बहीण. आपली चूक आपल्याला सांगताना समोरच्याला धीर गोळा करावा लागू नये, इतके सोपे माणूस होणे, म्हणजे सुवचता.